गोपिकाचं अकरावं वर्ष

गोपिकाला अकरावं लागलं आणि लतिका तिच्या ताटावर नजर ठेवू लागली.

आधीही ठेवायची, पण ते कुठल्याही आईसारखं. भात संपला का, मासा उष्टा टाकला का, एवढंच. आता ती चोरून बघायची. पोरगी घास घेता घेता थांबली तर का थांबली, पाणी पिताना डोळे मिटले तर का मिटले, जेवण झाल्यावर पुढे वाकून बसली तर नुसतीच वाकली की... त्या ‘की’च्या पुढे ती जायची नाही. तिथवर आली की तिच्या स्वतःच्याच पोटात गोळा यायचा, आणि तो भीतीचा गोळा आहे की नेहमीचा, हे ओळखायला तिला मिनिटभर लागायचं.

लतिकाला स्वतःला अकराव्या वर्षीच सुरू झालं होतं. शाळेच्या मैदानावर कवायतीच्या रांगेत उभी होती, हात वर, आणि बरगड्यांच्या खाली कुणीतरी तापलेली सळई खुपसली. ती सळई पाठीतून बाहेर आली आणि तिथेच फिरत राहिली. तीन दिवस. चौथ्या दिवशी गेली, जशी काही कधी नव्हतीच. बाईंनी अम्माला बोलावून सांगितलं, मुलगी कवायत टाळते.

पुढे सात-आठ वर्षांनी एका डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा स्वादुपिंडात पांढरे खडे दिसले, हरभऱ्याच्या डाळीएवढे. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं होतं, दारू पितेस का? एकोणीस वर्षांची मुलगी, काजूच्या कारखान्यात सोलणीला बसणारी. तिच्या अम्माने पदर तोंडाला लावला होता. मग डॉक्टरच म्हणाले, आपल्या या पट्ट्यात पुष्कळ घरांत आहे हे, न पिणाऱ्यांनाही होतं. सूज येते, जाते, पुन्हा येते. नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. दुखणं कमी होईल असं मात्र म्हणाले नाहीत.

आता तिला चाळीस झाली होती. वर्षातून दोनदा येणारी सळई महिन्यातून एकदा येऊ लागली होती, आणि मधल्या दिवसांत नुसती धग उरायची. त्या धगीसकट ती रोज कारखान्यात जायची, जमिनीवर बसायची, भाजलेल्या काजूवरचं तांबडं साल छोट्या सुरीने उतरवायची. शेजारी बसणारी राजम्मा, जिला ती चेची म्हणजे ताई म्हणायची, विचारायची, “लतिके, आज तुझा ओठ पांढरा पडलाय. कुठपर्यंत आलंय?” लतिका म्हणायची, “उंबऱ्यापर्यंत.” राजम्मा पुढे काही विचारायची नाही. तिचं तेवढं न विचारणंच लतिकाला औषधासारखं वाटायचं.

घरच्यांचं वेगळं होतं. घरचे म्हणजे मुख्यतः तिचा मोठा भाऊ, तिचा अण्णन, सहदेवन. कुंडऱ्याच्या रस्त्यावर खासगी बस चालवायचा. उंचापुरा, मिशीवाला, तोंडात सतत काहीतरी बोलणं. त्याचं घर लतिकाच्या घराला लागूनच, मधे फक्त केळींची रांग. लतिकाचा नवरा विजयन मस्कतला वायरिंगचं काम करायचा, तेव्हा गॅस आणण्यापासून छप्पर शाकारण्यापर्यंत सगळं सहदेवनच बघायचा. जीव लावणारा माणूस. आणि तोच तिला सगळ्यात जास्त टोचायचा.

कारण खडे त्यालाही होते.

चाळिशीत त्याला साखर निघाली, आणि साखर का निघाली हे शोधताना त्याच्या पोटाचा फोटो काढला. त्याचं स्वादुपिंड खड्यांनी खच्चून भरलेलं होतं. “खाणच आहे, खाण!” तो बसमधल्या लोकांना सांगायचा. “सरकारने भाड्याने घ्यावी.” तेव्हापासून इन्सुलिन घेत होता. पण दुखणं? एक दिवस नाही. तळलेले मासे खायचा, लग्नाघरी बिर्याणी दोनदा वाढून घ्यायचा, आणि ढेकर देऊन बसच्या पायरीवर उभा राहायचा.

“माझ्यात तुझ्या दुप्पट खडे आहेत, लतिके,” तो म्हणायचा. “आणि मी रोज आठ फेऱ्या मारतो. तुझंच पोट तेवढं राजघराण्यातलं कसं गं?”

लोक हसायचे. कधी कधी लतिकाही हसायची. फोनवर विजयन म्हणायचा, “अण्णनकडे बघ जरा. तसं मन घट्ट कर.” आणि ती फोन ठेवून विचार करायची, की खरंच माझं मनच कच्चं असेल. दोन सख्खी भावंडं, एकच आजार, त्याचे खडे जास्त आणि कळा मात्र मला. मी नाटकी असेन आणि मलाच ते कळत नसेल, असंही होत असेल का?

हे सगळं आलं होतं त्यांच्या अच्छनकडून, म्हणजे वडिलांकडून. दिवाकरन त्यांचं नाव, काथ्याच्या होड्या भरायचे. चालताना पोट धरून वाकायचे म्हणून वस्तीतले लोक त्यांना ‘वाकडा दिवाकरन’ म्हणत. लतिका नऊ वर्षांची असताना एका दुपारी ते अष्टमुडीच्या खाडीत सापडले. होडी किनाऱ्याला नीट बांधलेली होती, दोराची गाठ व्यवस्थित मारलेली. पाय घसरला, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे ठरलं. लतिकाने कधी विचारलं नाही, पण जेव्हा जेव्हा सळई पाठीतून आरपार जायची तेव्हा तिला ती नीट मारलेली गाठ दिसायची.

म्हणून ती ताटाकडे बघत होती.

परीक्षा तोंडावर आल्या होत्या. एका सकाळी लतिकाने तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि केळं पोरीपुढे ठेवलं. गोपिकाने केळ्याचा एक तुकडा मोडला, परत ठेवला आणि बशी हळूच बाजूला सरकवली. कोपर टेबलावर टेकवून ती पुढे झुकली.

“अम्मा, माझ्या पोटात दुखतंय.”

लतिकाने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. कुठे दुखतंय, वर की खाली, पाठीत जातंय का, हे सगळे प्रश्न तिला पाठ होते. एकही तिने विचारला नाही. विचारला असता तर उत्तर आलं असतं.

“गणिताची चाचणी आहे आज,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. “म्हणून दुखतंय. उठ. नाटक करू नकोस.”

गोपिकाने वर पाहिलं. ती रडली नाही, हुज्जत घातली नाही. बशी मोरीत नेऊन ठेवली, केसांची रिबीन घट्ट केली, दप्तर घेतलं. केळींच्या मधून रस्त्याकडे जाताना ती सरळ चालत होती. मुद्दाम सरळ. पाठीत काठी घातल्यासारखी. लतिका दारात उभी राहून बघत होती आणि तिला कळत होतं. पण कळत असूनही तिने हाक मारली नाही. बसचा हॉर्न वाजला, सहदेवनचा ओळखीचा, दोनदा तोकडा आणि एकदा लांब. पोरगी चढली.

कारखान्यात त्या दिवशी लतिकाच्या सुरीखाली काजूचे तुकडे होत होते. अख्खा गर निघेना. राजम्माने तिच्या हातावर हात ठेवला. “काय झालं?”

“काही नाही.”

“उंबऱ्यापर्यंत?”

“माझं नाही, चेची,” लतिका म्हणाली, आणि खाली मान घालून पुन्हा सोलायला लागली. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. सहदेवनच्या बसवरचा कंडक्टर सुकुमारन होता. मागे बसचा हॉर्न एकसारखा वाजत होता, त्यामुळे अर्धंच ऐकू येत होतं.

“लतिका, घाबरू नकोस... गोपिका सीटवरून खाली... सहदेवन सरळ जिल्हा इस्पितळात... तू ये. ये लगेच.”

ती तशीच उठली. हाताला काजूचा तांबडा भुगा, पायांत चपला कुणाच्या तेही बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर तिने दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली होती. रिक्षावाला काहीतरी विचारत होता. तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, सकाळचा. नाटक. नाटक. तीस वर्षं तिने तो ऐकला होता. तो तिच्या तोंडात इतका तयार असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागासमोर बस आडवी उभी होती, प्रवाशांनी भरलेली. कुणाला कामावर जायचं होतं, कुणाला लग्नाला. पोलिसाने बस हलवा म्हणून काठी आपटली होती, पण हलवणार कोण? ड्रायव्हर आत. पायरीवर एक म्हातारी मासेवाली टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

“तो मिशीवाला तुझा भाऊ का गं?” ती म्हणाली. “नऊ थांबे सोडले मेल्याने! हॉर्नवरचा हात काढला नाही. माझा थांबा मागे राहिला, माझी मासळी उन्हात...” मग लतिकाचा चेहरा बघून ती थांबली. “अगं, उभी काय राहतेस? जा आत. पोरगी कशी आहे बघ.”

गोपिका खाटेवर कुशीवर होती, गुडघे छातीशी. घामाने रिबीन गळ्याला चिकटलेली. सलाईन लागलं होतं. सहदेवन खाटेच्या उशाशी उभा होता, खाकी शर्ट भिजून काळा पडलेला, आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालेलं. लतिकाने त्याला असं फक्त एकदा पाहिलं होतं, अच्छनना खाडीतून वर काढलं त्या दिवशी.

लतिका वाकली. पोरीने डोळे उघडले.

“अम्मा,” ती म्हणाली, “मी नाटक नाही करत.”

लतिकाला वाटलं, आपण आता इथेच बसू आणि परत उठणार नाही. तिने पोरीच्या कपाळावर ओठ टेकवले. नर्सने इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने गुडघे थोडे सैल झाले, मग पोरीला ग्लानी आली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तरुण डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “घरात कुणाला आहे हे?” भाऊ-बहीण दोघांनीही हात वर केला, शाळेत करतात तसा.

“मग तिला तिरुवनंतपुरमला न्या,” डॉक्टर म्हणाले. “तिथे हेच बघतात.”

बस दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. दुपारी पोरगी झोपलेली असताना दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते. सहदेवनने इडलीचं पुडकं आणलं होतं. कुणीच उघडलं नाही.

“ती माझ्या मागच्याच सीटवर होती,” सहदेवन म्हणाला. “आरशात दिसत होती. दप्तराचा पट्टा दातांत धरला होता तिने. आवाज येऊ नये म्हणून.” तो थांबला. “अच्छन पंचा धरायचे असा.”

लतिकाने पुडकं बाजूला सरकवलं.

“तुला माहीत नाही एक गोष्ट. त्या दुपारी घरात मीच होतो. अम्मा काथ्याच्या कामावर, तू शाळेत. अच्छन म्हणाले, सहदेवा, जरा बस माझ्याजवळ. मी म्हटलं, तुमचं रोजचंच आहे, पुरे झालं नाटक. आणि फुटबॉल खेळायला गेलो. तेरा वर्षांचा होतो.” तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता, स्टिअरिंगने घट्टे पडलेल्या. “परत आलो तेव्हा होडी बांधलेली होती.”

“अण्णन...”

“बोलू दे. मग दोन वर्षांनी तुला सुरू झालं. एकाच खोलीत झोपायचो आपण, मी काय ऐकत नव्हतो? सगळं ऐकत होतो. पण तुझं खरं मानलं असतं, तर त्यांचंही खरं होतं, आणि मग मी... म्हणून म्हणत राहिलो, नाटक, नाटक. स्वतःचा फोटो आला तेव्हा तर मला आनंद झाला, लतिके. खडे निघाले म्हणून आनंद! म्हटलं, बघा, एवढे आहेत तरी दुखत नाही, म्हणजे दुखतच नसतं.”

“एकोणतीस वर्षं, अण्णन.”

“हो.”

एवढी वर्षं या क्षणाची लतिकाने वाट पाहिली होती. हा माणूस एक दिवस कबूल होईल, आणि मग ती त्याला असं असं सुनावेल. आता तो समोर बसला होता, मान खाली घालून.

“मी पण आज सकाळी तिला तेच म्हणाले,” ती म्हणाली. “तोच शब्द.”

सहदेवनने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने पुडकं उघडलं, एक इडली तिच्या हातावर ठेवली. ती हातातच राहिली.

आठवड्याने तिघं तिरुवनंतपुरमला गेले. तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर बीना कुरियाकोस म्हणून होत्या, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलताना माणसाकडे बघणाऱ्या. हा आजार असलेल्या कुटुंबांचा त्या अभ्यास करत होत्या. गोपिकाचं मोठ्या यंत्रातलं चित्र त्यांनी पडद्यावर लावलं. खडे नव्हते. पण आतली नळी जितकी बारीक असायला हवी तितकी नव्हती, आणि सूज होती. मग त्यांनी शेजारी लतिकाचा आणि सहदेवनचा फोटो लावला.

“कुणाला दुखतं?” त्यांनी विचारलं.

“मला,” लतिका म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, “पण खडे ह्यांचे जास्त आहेत.” तीस वर्षांची सवय. कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकायचं.

डॉक्टर हसल्या नाहीत. “खड्यांवरून दुखणं मोजता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही खूप मोजून बघितलंय. आजार व्हायला जी जनुकं कारणीभूत होतात त्यांतलं एक तुम्हा दोघांत बहुतेक सापडेल, ते आपल्याकडे पुष्कळांत असते. पण आजार झाल्यावर कुणाला किती दुखणार, त्याचा हिशेब वेगळ्याच जागी लिहिलेला असावा असं आता दिसतंय. पोटातून डोक्याकडे दुखणं नेणाऱ्या नसा असतात. कुणाच्या नसा कुजबुजतात, कुणाच्या किंचाळतात. ते माणूस ठरवत नाही. तेही जन्मतः येत असावं.”

सहदेवनने घसा खाकरला. “म्हणजे माझ्या नसा मुक्या?”

“तसंच समजा.”

“बायको म्हणते तोंडही तसं असतं तर बरं झालं असतं.”

गोपिका खुदकन हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. लतिकाला मात्र हसू आलं नाही, कारण समोर ठेवलेल्या कागदांवरचे प्रश्न ती वाचत होती. झोप लागते का. छातीत धडधडतं का. काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं का. आयुष्यात मोठा धक्का बसला होता का. तिने कागद मागे सरकवले.

“हे कशाला?” ती म्हणाली. “फिरून फिरून शेवटी मनाचंच म्हणणार ना तुम्ही?”

“नाही.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “नीट ऐका, कारण हे लोकांना उलटं समजतं. ज्यांना फार दुखतं त्यांच्यात जनुकांचे जे फरक सापडायला लागलेत, त्यांतल्या काहींचा संबंध धास्तीशी आणि उदासीशीही आहे. अजून सगळं पक्कं नाही, पण तसं दिसतंय. याचा अर्थ दुखणं खोटं आहे, असा नाही. भीतीसुद्धा तुम्ही मुद्दाम आणलेली नाही, असा आहे. दोन्ही शरीरातच आहेत. आणि एकामुळे दुसरं वाढतं.”

अभ्यासासाठी दोघांचं रक्त घ्यायला नर्स आली, आधी लतिकाचं. नळीत तिचं रक्त चढत होतं, काळपट लाल. मन घट्ट कर, मन घट्ट कर, असं सगळे म्हणत आले, आणि ती करत आली, आणि ते झालं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत आली. आता ही बाई म्हणत होती, ते तुझ्या हातात नव्हतंच. छातीवरचा एक दगड हलल्यासारखा झाला. पण दुसऱ्याच क्षणी त्याखालून दुसरं काहीतरी वर आलं.

“म्हणजे मी हिला नुसता आजारच दिला असेल असं नाही,” ती हळू म्हणाली. “ती भीतीही दिली असेल.”

“कदाचित,” डॉक्टर म्हणाल्या. “कदाचित तिच्या नसा मामासारख्या असतील आणि हे एवढं एकदाच. मला आज सांगता येत नाही. हा अभ्यास पुरा झाल्यावरही एकट्या गोपिकाचं सांगता येईलच, असं नाही. खोटा धीर मी देत नाही.”

“माझ्यातलं काढून हिला देता येतं का?” सहदेवनने विचारलं. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. “ते मुकेपण.”

“अजून नाही येत.”

त्याने बाहीची गुंडी लावली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

डॉक्टरांनी मग काय करायचं ते सांगितलं. जेवताना गोळ्या, तळलेलं कमी, पोट दुखलं की लपवायचं नाही, आणि दुखण्याचं औषध कळ शिगेला पोचायच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. लतिकाने साबुदाण्याच्या कंदाचं, कप्प्याचं, विचारलं; कप्पा खाल्ल्याने होतं म्हणतात, म्हणून मी घरात कप्पा शिजवतच नाही. ती फार जुनी शंका, डॉक्टर म्हणाल्या, पुढे ती टिकली नाही. खाऊ दे तिला. उठताना त्या गोपिकाशी स्वतंत्र बोलल्या. “तुला दुखलं तर कुणाला सांगशील?”

गोपिकाने आईकडे पाहिलं, मग मामाकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. “मामनला,” ती म्हणाली.

लतिकाने ते ऐकलं आणि गिळलं. त्यात चूक काही नव्हती. मामाने बस वळवली होती. तिने दारात उभं राहून बघितलं होतं.

त्यानंतरचे महिने लतिकाला सर्वांत जड गेले. स्वतःच्या कळांची तिला एवढी धास्ती कधी वाटली नव्हती. सहदेवन बदलला होता. तिचा ओठ पांढरा पडला की मुकाट्याने पेज करून आणायचा, आणि बसमध्ये ती ‘खाण’ आता तो काढत नव्हता. विजयनला फोनवर त्यानेच सुनावलं, की पुन्हा तिला माझं उदाहरण दिलंस तर मस्कतला येऊन मारीन. पण गोपिका आईपाशी काही बोलत नसे. बरी आहेस? हो. जेवलीस? हो. पोट? ठीक. लतिका रोज विचारायची, आणि रोज ते ‘ठीक’ ऐकून तिचा जीव टांगणीला लागायचा. ते खरं ठीक होतं की शिकवलेलं ठीक, हे कळायला मार्ग नव्हता. तो तिने स्वतःच बंद केला होता.

एका रविवारी दुपारी ती अंगणात मासे साफ करत बसली होती. तिची स्वतःची धग सकाळपासून वाढत चालली होती, आणि एका क्षणी सळई आत गेली. सवयीने ती उठून आत जाणार होती, दार लावून, पदर तोंडात धरून. गोपिका पायरीवर अभ्यास करत होती. लतिका अर्धी उठली आणि परत खाली बसली.

“मोळे, पोरी,” ती म्हणाली, “इकडे ये. मला दुखतंय. फार दुखतंय.”

गोपिका वही टाकून धावली. आईच्या पाठीवर हात ठेवून बसली. लतिका खवले लागलेल्या हातांनी पोट धरून वाकली आणि पोरीसमोर पहिल्यांदा कण्हली, मोठ्याने, न लाजता. गोळी घेतली. बऱ्याच वेळाने तिला नीट श्वास घेता आला, तेव्हा ती म्हणाली, “त्या सकाळी तू खरं बोलत होतीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी घाबरले. म्हणून म्हणाले तसं. तुझी चूक नव्हती.”

गोपिकाने आईच्या हाताला चिकटलेला एक खवला काढला. “तू पण घाबरतेस?”

“फार.”

“मला वाटलं मीच.”

दुसरी कळ गोपिकाला पावसाळा संपता संपता आली, एका शनिवारी सकाळी. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, एक हात चौकटीला, आणि म्हणाली, “अम्मा, आलंय. इथे. पाठीत जातंय.”

लतिकाने गॅस बंद केला, डब्यातून गोळी काढली, पाण्याचा पेला पोरीच्या हातात दिला आणि केळींपलीकडे सहदेवनला हाक मारली. तो लुंगी सावरत धावत आला. तिघं पायरीवर बसून राहिले. पोरगी मधे, गुडघे छातीशी, एक हात आईच्या हातात. तिने इतक्या जोरात दाबला होता की लतिकाची बोटं बधिर झाली.

“किती आहे?” सहदेवनने विचारलं.

“खूप,” गोपिका म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला. “रिक्षा सांगितलीय.”

त्या वेळी तीन दिवस इस्पितळात काढावे लागले. पुढे कसं होईल हे अजून कुणालाच सांगता येत नाही, आणि लतिका अजूनही ताटाकडे बघते. पण आता ती उघड बघते, आणि गोपिका घास घेता घेता थांबली तर स्वतःच सांगते, “काही नाही अम्मा, काटा होता,” किंवा “थांब जरा, बघते.”